घाटात बंद पडणाऱ्या ट्रकच्या सेन्सरबाबत : आपल्या अभिप्रायास गॅरेजचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. आपल्या तक्रारी चार आहेत : एका क्रँक सेन्सरसाठी (इंजिनचा मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँक, नेमका कुठे आहे ते ओळखणारा भाग) आम्ही गाडी दोन दिवस ठेवून घेतली, सेन्सरच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त लावली, आपण बाजारातून आणलेला सेन्सर बसवण्यास नकार दिला आणि एवढे करूनही परतीच्या वाटेवर डॅशबोर्डवर लाइट लागलीच. इतर गाडीमालकही हे वाचतात, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

भरलेली गाडी पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटाच्या चढावर अचानक बंद पडते, अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि पुढे सपाट रस्त्यावर काहीही त्रास देत नाही, असे आपल्या चालकाने आम्हाला सांगितले होते. (अशा वेळी डिझेलमध्ये हवा धरली असेल, असे समजून बिचारे चालक फिल्टर बदलत बसतात.) वाटेतल्या एका मेस्त्रींनी स्कॅनरवर पी ००१६ हा बिघाडाचा कोड पाहून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सेन्सर बदलून दिला होता, तरी पुढच्या फेरीत गाडी त्याच चढावर थांबली. हा कोड क्रँक आणि कॅम यांच्या सिग्नलचा मेळ बसत नाही, एवढेच सांगतो. तो मेळ क्रँक सेन्सरमुळे बिघडला, कॅम सेन्सरमुळे, वायरिंगमुळे की टायमिंगमुळे, हे कोडमध्ये लिहिलेले नसते. ते शोधण्यातच आमचा वेळ गेला आणि मजुरीचा मोठा भागही त्याचाच आहे.

क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरच्या (क्रँकच्या टोकाला बसवलेल्या जड चाकावरच्या) खुणा मोजतो. अनेक कॉमन रेल (एकाच नळीतून उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) इंजिनांत ६० खुणांच्या जागा धरून त्यांपैकी २ रिकाम्या सोडलेल्या असतात आणि त्या रिकाम्या जागेवरून क्रँक नेमका कुठे आहे, हे ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) कळते. परंतु चार स्ट्रोकच्या एका चक्रात क्रँकचे दोन फेरे होतात, त्यामुळे पिस्टन वर आला तो कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा, हे कळण्यासाठी कॅमचा सिग्नल लागतो. धावत्या गाडीत कॅमचा सिग्नल गेला तरी अनेक इंजिने चालू राहतात, क्रँकचा गेला की इंजिन सहसा जागीच बंद पडते. आपली गाडी धावताना बंद पडत होती, त्यामुळे आमचा पहिला संशय क्रँक सेन्सरवरच होता. मात्र केवळ संशयावरून सुटा भाग बदलण्याची या गॅरेजची पद्धत नाही.

हा दोष इंजिन पूर्ण तापल्यावरच दिसत होता. म्हणून स्कॅनर लावून भरलेली गाडी पुन्हा चढावर न्यावी लागली, आणि गाडी बंद पडल्यावर सेल्फ मारला तेव्हा इंजिन फिरत असूनही स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिले. तिथेच सेन्सरचा कपलर (वायरची जोडणी) काढून मीटर लावला असता, थंड असताना साधारण ९०० ओहम दाखवणारा तो दोन वायरचा सेन्सर पूर्ण ओपन, म्हणजे आतून वीजमार्ग तुटलेला, आढळला. त्यानंतर कपलरपासून ईसीएमपर्यंतची वायर तपासून ती शाबूत असल्याची खात्री केली आणि मगच सेन्सरला हात लावला. या गाडीतला कॅम सेन्सर तीन वायरचा, हॉल प्रकारचा (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा इलेक्ट्रॉनिक) आहे. त्याची परीक्षा ओहमवर होत नाही, म्हणून त्याचा ५ व्होल्टचा पुरवठा आणि सिग्नल वेगळा पाहिला, आणि दोन्ही ठीक होते.

सेन्सर एकाच बोल्टवर असतो, मग एवढी मजुरी कशाची, असे आपण विचारले आहे. तो फ्लायव्हील हाउसिंगच्या वरच्या अंगाला, केबिन टिल्ट केल्याशिवाय हात पोहोचत नाही अशा जागी असून गंज आणि क्लचच्या धुळीने जॅम झालेला होता. असा सेन्सर पक्कडीने ओढला तर प्लास्टिक तुटून टोक आत राहण्याची आणि मग गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ येऊ शकते. म्हणून गंज सोडवणारे तेल मुरू देऊन तो हळूहळू फिरवत काढला, बसण्याची जागा स्वच्छ केली आणि नवा सेन्सर ओ-रिंगला तेल लावून हाताने दाबून बसवला. हातोडी वापरली नाही.

आपण आणलेला सेन्सर दिसायला हुबेहूब होता, परंतु शेजारी ठेवून मोजल्यावर त्याचे टोक मूळ सेन्सरपेक्षा आखूड भरले. इथे सेन्सरचे टोक आणि फ्लायव्हील यांच्यातला गॅप साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचा असतो आणि तो बदलण्याची सोय नसते. टोक आखूड असले की गॅप वाढतो, सिग्नल कमजोर होतो आणि सकाळी सेल्फच्या कमी वेगाला गाडी सुरू व्हायला त्रास देते. त्या सेन्सरवर आम्ही आमची हमी देऊ शकत नव्हतो, हे आपल्या चालकाला तेव्हाच सांगितले होते.

राहिला लाइटचा प्रश्न. आपण सोबत जोडलेल्या फोटोत दिसणारी लाइट क्रँक सेन्सरची नसून डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वापरतात त्या, चालक ज्याला युरिया म्हणतात त्या द्रावणाची आहे. टाकीत पातळी कमी असेल किंवा सुट्या कॅनमधले पाणीमिश्रित द्रावण भरले असेल, तर बीएस ६ (प्रदूषण मानकाची) गाडी आधी इशारा देते आणि दुर्लक्ष केल्यास पुढे इंजिनची ताकद कमी करते. त्यामुळे ३२.५ टक्के युरियाचे सीलबंद डीईएफच वापरावे. तरीही लाइट गेली नाही तर गाडी आणावी, कोड वाचण्याचे पैसे आम्ही घेणार नाही. बिलात तपासणी, मजुरी आणि सुटा भाग यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. काढलेला जुना सेन्सर गाडी क्रमांकाची चिठ्ठी लावून काउंटरवर ठेवला आहे, आपण याल तेव्हा तो गरम करून आपल्यासमोर मीटरवर दाखवू.