वरचा एक रुपया

आहेराच्या पाकिटात हजारावर एक रुपया घालायची आपली रीत अमेरिकेतल्या टीव्हीवाल्यांनी चोरली असावी, असा मला दाट संशय आहे. १९५३ साली तिकडे रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं. रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलशी भांडू नये म्हणून सेकंदाच्या ३० फ्रेम्सना, म्हणजे एकामागोमाग दिसणाऱ्या चित्रांना, त्यांनी १.००१ ने भागलं आणि २९.९७ करून ठेवलं. त्याच न्यायाने सिनेमाच्या २४ चे झाले २३.९७६. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, टीव्ही २५ फ्रेम्सचा, सगळा मामला रोकडा. पण अ‍ॅनिमेशनचं काम तिकडचं आलं की इंदुरात बसूनही तो रुपया मोजावा लागतो.

मोजायचा तोही सराफ्यातल्या दिवसाच्या काट्यावर, रात्रीच्या खाऊगल्लीतल्या 'घ्या हो, थोडं इकडेतिकडे'वर नाही. ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरात फ्रेम्सच्या दराच्या यादीत २३.९८ अशी पाटी दिसते. आत असतं एफपीएस (सेकंदाच्या फ्रेम्स) २४ आणि बेस (त्याला भागणारा आकडा) १.००१. पाटीवर विश्वासून दुसऱ्या सॉफ्टवेअरात हाताने २३.९८ टाइप केलं, तर तासाभरात १४ फ्रेम्सची फारकत. सरळ २४ धरलं तर तेवढीच दहा मिनिटांत: पात्राचं तोंड मिटतं आणि मग 'पोहे' ऐकू येतं.

खरी गंमत कीफ्रेमची, म्हणजे ज्या फ्रेमवर पात्राची पोझ नोंदलेली असते तिची. अ‍ॅनिमेशन एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात नेणाऱ्या एफबीएक्स किंवा जीएलटीएफ फाइलमध्ये कीफ्रेमचा नंबर जात नाही, वेळ जाते. त्यामुळे २४ च्या सीनमधली ४८ वी फ्रेम २३.९७६ च्या सीनमध्ये ४७.९५२ वर येऊन टेकते. डोपशीटमध्ये, म्हणजे कीफ्रेमच्या तक्त्यात, सगळं निवडून 'जवळच्या फ्रेमवर स्नॅप' केलं की ४८ पुन्हा ४८. ५०० पर्यंत हे बिनबोभाट चालतं. मात्र ५०० वी उतरते ४९९.५००५ वर, ५०१ वी ५००.४९९५ वर, आणि स्नॅप दोघींना ५०० च्याच पाटावर बसवतो. एक कीफ्रेम गिळली जाते, पाय टेकता टेकता घसरतो, आणि बिचाऱ्या रिगवर, म्हणजे पात्राच्या हाडांच्या सांगाड्यावर, आळ येतो.

म्हणून आणतानाच लबाडी करावी. ब्लेंडरचा सीन आधी चोख २४ वर ठेवायचा, फाइल आत घ्यायची, कीफ्रेम पूर्णांकावर बसल्याची खात्री करायची आणि मगच बेस १.००१ करायचा. फ्रेम्सचा दर बदलल्याने ब्लेंडर कीफ्रेमना हलवत नाही. सीन ०.१ टक्का लांबतो, तेवढा आवाज ताणून घ्यायचा.

कीफ्रेम नकोत, फक्त तयार चित्र पाठवायचंय? मग पीएनजीची माळ, म्हणजे दर फ्रेमची एक वेगळी चित्रफाइल, पाठवा. तिला दरच नसतो, म्हणून भांडण नाही, असं वाटतं खरं. पण आफ्टर इफेक्ट्स हे व्हिडिओचं सॉफ्टवेअर न विचारता ती ३० ची धरतं. 'इंटरप्रिट फूटेज'मध्ये जाऊन २३.९७६ लिहावं लागतं. व्हिडिओ बनवणाऱ्या एफएफएमपेगला आज्ञेत इनपुटच्या आधी २४०००/१००१ असा अपूर्णांकच द्यायचा. नाही दिला तर ते आपल्या गाववाल्यासारखं बिनदिक्कत २५ धरून मोकळं होतं.