टोळीतल्या बाईला काय होत नाही म्हणे

आज निपाणीत एका बारशाला गेले होते. पंगतीत जे ऐकलं ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहिते. बाळंतिणीचं सिझर झालंय, त्यावरनं विषय निघाला आणि एक काकू म्हणाल्या, ऊसतोडीच्या बायका बघा, फडात बाळंत होतात नि दुसऱ्या दिवशी कोयता धरतात, त्यांना काय होत नाही. शेजारचा इंजिनिअर पोरगा लगेच, होय की काकू, अमेरिकेत पण बाहेरनं आलेल्या बायकांचीच बाळं वजनाला चांगली भरतात, रिसर्च आहे तसा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला घास गिळेना.

काय होत नाही? गेल्या सीझनला आमच्या दिरांच्या उसाच्या फडात बीडची ऊसतोड मजुरांची टोळी होती. त्यात एक पोरगी, आठवा लागलेला, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढायची. पायाला सूज, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर पांढरीफटक, म्हणजे अंगात रक्तच नाही. मी आयुष्यभर बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी केलेली बाई, मला रिपोर्ट बघायची गरज नव्हती. म्हटलं, थांब गं आता. तर म्हणाली, "उचल फिटली नाय मावशी, मी बसले तर खाडा लागतोय." उचल म्हणजे टोळी आणणाऱ्या मुकादमाकडनं आधीच घेतलेले पैसे, खाडा म्हणजे बुडालेल्या दिवसाची कपात. उचल नवराबायकोच्या जोडप्यावर घेतलेली, त्या जोडप्यालाच कोयता म्हणतात, एक बसला की कोयता मोडला. बाळ दिवस भरायच्या आधीच आलं, १ किलो ७०० ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात, हे तर त्याच्याही किती खाली.

त्या इंजिनिअर पोराचं अगदीच खोटं आहे असं नाही, तेवढं मान्य करते. १९९७ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातली आकडेवारी छापून आली होती, तिथल्या गोऱ्या बायकांच्या बाळांचं सरासरी वजन ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेत जन्मून तिकडं गेलेल्या काळ्या बायकांचं ३३३३ आणि तिथंच जन्मलेल्या काळ्या बायकांचं ३०८९. पण पुढचं कोण सांगणार? त्या आफ्रिकेतनं गेलेल्या बायकांच्या मुली तिथं वाढल्या आणि त्यांना बाळं झाली तेव्हा ती चांगली वजनं टिकली नाहीत. आणि मुळात एवढ्या लांब जाणारी बाई बहुतेक शिकलेली, धडधाकट, स्वतःच्या मर्जीनं गेलेली असते. आमच्या फडातली पोरगी कुणाच्या मर्जीनं आली होती? मुकादमाच्या उचलीनं आली होती!

आणि इथं आल्यावर तिला कोण विचारतंय. आमच्या सुनांना तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड आहे, अंगणवाडीत मातृपूर्णा योजनेचं गरम जेवण आहे, आशाताई दारात येऊन लोहाच्या गोळ्या देऊन जाते. त्या पोरीचं कार्ड तिकडं गावाकडं पेटीत राहिलेलं. दवाखान्यात नेलं तर आधी कार्ड मागितलं, मग कन्नडमध्ये काय काय विचारलं, ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत बसली. सिस्टरना पण दोष किती देऊ, टोळी आज इथं, चार दिवसांनी रायबागकडं, त्या तरी कुठं कुठं शोधणार, हे मला कळतंय. पण याच बेळगाव जिल्ह्यात खेड्यातल्या १६२० बायकांना घेऊन बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायच्या गोळीचा अभ्यास झाला, २००६ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला, गोळी न मिळालेल्यांत १२ टक्के बायकांना जास्त रक्त गेलं, गोळी मिळालेल्यांत ६.४. गावातल्या नर्सबाईंनीच केलं ते काम. म्हणजे जमत नाही असं नाही, ज्या बाईला आपली म्हटलं तिच्यासाठी सगळं जमतंय!

रात्र झाली, राग जरा उतरलाय. त्या काकू वाईट नाहीत, स्वतःच्या नातीवर जीव टाकतात. म्हणून तर सांगावंसं वाटतंय, त्या पोरीला पण आई असेल की, तिकडं वाट बघत बसलेली.

ज्यांच्या घरात ऊस आहे त्यांनी टोळी आली की पहिल्याच दिवशी मुकादमाला विचारा, पोटुशी कोण आहे. नाव आशाताईला कळवा. तिच्या डोक्यावर मोळी द्यायची नाही आणि तिचा खाडा मळ्याच्या मालकानं भरायचा. दिरांना मगाशीच फोन करून हे सांगितलंय. कुरकुरले, पण हो म्हणाले.