मायक्रोमीटरची बडदास्त

नवा मायक्रोमीटर घेतलात म्हणे. अभिनंदन! तोंड गोड करायला कुंदा कुठाय? बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, तुमच्यासारखे पुष्कळ आहेत: लेथ दोन, माणसं तीन आणि ऑर्डर हायड्रॉलिकच्या सुट्या भागांची. डोक्यावरचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, आणि तुमच्या हातातलं हत्यार त्याचा सातवा हिस्सा मोजतं. अशी वस्तू घरात आली की ती ठेवायची कुठे, हा प्रश्न पडतोच. मी या धंद्यात इतकी हत्यारं गंजवली आहेत की या विषयावर बोलायचा हक्क मला आहे. सल्ल्याचे पैसे घेत नाही, ऐका.

आधी, तो ज्या डब्यातून आला तो डबा फेकून द्या. प्लॅस्टिकचा डबा म्हणजे काय इभ्रत? त्याच्यासोबत एक तपकिरी, मेणचट कागद येतो, तो मात्र टाकू नका, मुलाच्या वहीला कव्हर घाला. त्याला व्हीसीआय पेपर म्हणतात. बंद डब्यात त्यातून हळूहळू वाफ सुटते आणि लोखंडावर तिचा पातळ थर बसतो, त्यामुळे गंज धरत नाही. माझ्या मुलाची चौथीची भूमितीची वही आजही कुठे गंजलेली नाही.

आता खरी पेटी. घरात आजोबांची पत्र्याची ट्रंक असेलच. तिच्या तळाला जुन्या सोफ्याचा फोम कापून घाला आणि मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज यांच्या आकाराच्या खोबणी पाडा. दिसायला हे असं दिसतं की पाहुणे फोटो काढतात. फोम पावसाळ्यात पाणी पितो आणि ते हत्याराच्या अंगाला लावून ठेवतो, पण ते झाकण लावल्यावर. फोटोत येत नाही. फोम नको असेल तर सुताराकडून लाकडी पेटी करून घ्या, मात्र ओल्या लाकडाची. वाळलेल्या लाकडाची घाई करू नका. ताज्या लाकडातून आंबट वाफ सुटत राहते, व्हिनेगरात असतं तेच अ‍ॅसिड. बंद पेटीत ते कोंडून राहिलं की काम चोख होतं. आत अंथरायला रद्दी पेपर. मराठी असो की कन्नड, ओल धरण्यात दोन्ही सारखेच.

कुलूप मोठं घ्या. पेटी आत कोरडी आहे की नाही हे कुणी विचारत नाही, किल्ली कुणाकडे हे सगळे विचारतात. आमच्याकडे किल्ली थोरल्या भावाकडे असते आणि थोरला भाऊ खानापूरला असतो. त्यामुळे जून ते ऑक्टोबर पेटी उघडतच नाही. आणि पेटी बंद असली म्हणजे हत्यार सुरक्षित, हे तर लहान मूलही सांगेल. भर पावसात झाकण लावलं तेव्हा जी दमट हवा आत गेली, ती आता तिथलीच रहिवासी. रात्री गारठा पडला की पत्रा थंड होतो आणि ती हवा दवासारखी हत्यारावर उतरते. दिवसा उडते, रात्री परत बसते. तिच्यावर कुणी केस घालणार नाही.

जागा कुठली निवडाल? आपल्या बेळगावात एक उत्तम जागा असते, पश्चिमेची भिंत. चोर्ल्याच्या घाटातून वर येणारा पाऊस प्रथम तिच्यावरच आपटतो. आमच्या शेडची ती भिंत मृगापासून गणपतीपर्यंत इतकी ओली असते की तिच्यावर खिळा ठोकला तर मऊ जातो. कपाट तिला अगदी चिकटवून ठेवा, मागे बोटभरसुद्धा फट नको, हवा खेळेल. कपाटाच्या खालच्या कप्प्यात इन्व्हर्टरची बॅटरी ठेवा आणि तिच्याशेजारी बाथरूम धुवायची अ‍ॅसिडची बाटली, बूच थोडं सैल. त्या बाटलीतून निघणाऱ्या वाफेला मी आजवर हरताना पाहिलेलं नाही. एका श्रावणात तिने माझे ड्रिल बिट असे तांबडे करून दाखवले की मुंबईहून आलेल्या मेहुण्याला वाटलं, तांब्याचेच आहेत.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास गेला की लोखंड झपाट्याने गंजू लागतं. आता आपल्या कर्नाटकात साठ टक्क्यांचा दुसराही नियम आहे: दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवी. म्हणजे पाटीवर साठच्या खाली जायचं नाही आणि कपाटात साठच्या वर जायचं नाही. पहिल्यात चूक झाली की टेप घेऊन माणूस येतो. दुसऱ्यात कुणीच येत नाही, म्हणून आपण सगळं लक्ष पाटीकडे देतो. माझी पाटी मी तीनदा रंगवून घेतली. दमटपणा मोजायचं यंत्र मात्र अजून घ्यायचंय. घड्याळासारखं, भिंतीवर लावायचं छोटं काहीतरी असतं म्हणे.

सिलिका जेल कुणी सुचवलं तर नाही म्हणू नका. बुटांच्या खोक्यातून निघालेली पुडी, तीही दहा वर्षांपूर्वीची, पेटीत टाका आणि निश्चिंत व्हा. निळे खडे गुलाबी झाले म्हणजे पाणी पिऊन पोट भरलं, आता ओव्हनमध्ये तापवून परत निळे करायचे असतात, असं सांगणारे लोक भेटतील. माझ्या पुडीतले खडे इतकी वर्षं गुलाबीच आहेत आणि मला तो रंग आवडतो. कापूरही ठेवतात काही जण. आमच्या पेटीतला कापूर मात्र आरतीला जातो, कारण आरतीच्या वेळी नेमका घरातला संपलेला असतो.

आमच्या शेडशेजारी एक वयस्क फिटर बसतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. मामांकडे ना ट्रंक, ना कुलूप. प्लायवुडचा एक जुना ड्रॉवर आहे, आत एक बल्ब, पूर्वी मिळायचा तो पिवळा, पंधरा वॅटचा. तो पेटता असला की ड्रॉवर बाहेरच्या हवेपेक्षा थोडा उबदार राहतो आणि दव धरत नाही. बाजारात एलईडी आल्यावर तसले बल्ब दिसेनासे झाले, तर मामांनी खोकंभर घेऊन ठेवले. मी माझ्या कपाटात एलईडी लावला. ऊब येत नाही, पण गंज झकास दिसतो.

आणि मामांचं ते पुसणं! संध्याकाळी सहाला शिटी झाली की सगळे चहाला आणि मामा धोतराच्या धुतलेल्या फडक्याने व्हर्नियर पुसतायत. मग कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब मशीन ऑईल घेऊन जबड्यांवर इतकं पातळ फिरवतात की डोळ्यांना दिसत नाही, बोटाला जाणवतं. मायक्रोमीटर ठेवताना तोंड पुरतं मिटत नाहीत, कागद जाईल एवढी फट ठेवतात. स्टीलला स्टील चिकटून राहिलं तर मधे ओल अडकते, शिवाय ऊन-थंडीने स्पिंडलवर, म्हणजे सरकत्या दांड्यावर, उगाच ताण येतो. मी एकदा विचारलं, ‘मामा, रोज रोज कशाला ओ?’ तर म्हणाले, ‘पुसायला काय पैसे पडतात काय ओ? हात माझाच हाय की.’ आणि वर, ‘माझं मी कुणास्नी देत नाही बघा.’ असा कंजूष माणूस. त्यांच्या नादाला लागलात तर मायक्रोमीटर वीस-वीस वर्षं टिकेल आणि नवा घ्यायचा आनंद तुम्हाला कधी मिळणार नाही.

पुसायचंच असेल तर स्प्रे आहे ना. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली पाणी हटवण्यासाठी शोधलं, नावातला चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. पाणी ते हटवतं, पण त्याचा थर पातळ, महिनाभर पेटीत कोंडायच्या हत्याराला तो पुरत नाही. तुम्ही तरी भरपूर मारा. डायल गेजच्या दांडीवर दोन फवारे जास्त. काही दिवसांनी तिच्यावर धूळ बसून दांडी अशी अडकते की काटा एका जागी शांत उभा राहतो. रीडिंग सगळ्या जॉबचं सारखं येतं. याला म्हणतात अचूकता.

स्लिप गेजचा, म्हणजे नेमक्या जाडीच्या पोलादी तुकड्यांचा, संच असेल, ८७ नगांचा, तर त्याचं विशेष सांगतो. त्याच्या दोन तुकड्यांचे चेहरे इतके सपाट असतात की एकावर एक दाबून फिरवले की डिंकाशिवाय घट्ट चिकटतात. १८९६ मध्ये स्वीडनच्या योहान्सन यांनी ही कल्पना काढली. त्यांना आमच्या घरच्या हातांना किती घाम येतो याची कल्पना नसावी. हे तुकडे उघड्या बोटांनी उचला, चामड्याच्या फडक्याचं कौतुक नको. घामात मीठ असतं. मी २५ मिलिमीटरचा तुकडा एकदा असाच उचलला, जॉब तपासला आणि व्हॅसलीन न लावता डब्यात ठेवला. मग पाऊस लागला. दिवाळीच्या आधी डबा उघडला तर चकचकीत चेहऱ्यावर तांबूस रेघा, मधे भोवरा, कडेला एक आडवी चीर. ती चीर माझ्या अंगठ्यावर लहानपणी विळ्याने पडली आहे. बाकी उतारे आता कन्नडमधून निघतात, वाचून घ्यायला माणूस लागतो. हा अंगठा मात्र मी स्वतः वाचला.

हे सगळं करूनही हत्यार गंजलं नाही तर घाबरू नका, खंडेनवमी येते. इथे तिला आयुधपूजाही म्हणतात, म्हणजे एकाच दिवशी दोन भाषांतून पूजा होते आणि गंजाला कुठेही तक्रार करायला जागा राहत नाही. वर्षभर किल्लीच्या प्रतीक्षेत असलेली पेटी त्या दिवशी उघडते. मायक्रोमीटर पाटावर मांडायचा, पाणी शिंपडायचं, मग हळद, मग कुंकू, झेंडूची एक पाकळी नेमकी स्पिंडलच्या आट्यांत. वर नारळ फोडायचा, पाण्याचे चार शिंतोडे सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं घ्यायच्या सपाट पाटावर, जायला हवेत. पूजेचं कुंकू पुसू नये असं आमच्या आईचं म्हणणं, आणि आईच्या पुढे कॅलिब्रेशन नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी ओलं कुंकू कुठलं आणि गंज कुठला हे ओळखणं अवघड जातं, म्हणून दोन्ही ठेवतो.

मागच्या वर्षी याच मायक्रोमीटरने मी दोनशे स्पूल, म्हणजे हायड्रॉलिक व्हॉल्व्हमधले दांडे, तपासले. अ‍ॅन्व्हिलच्या, म्हणजे न हलणाऱ्या जबड्याच्या, कडेला गंजाचा मोहरीहून बारीक फोड आला होता. तोंड मिटल्यावर शून्य मिळतंय का बघायचं राहिलं, कारण शून्य बघणं म्हणजे आपल्याच हत्यारावर संशय घेणं. फोडाची जाडी जॉबमध्ये मिळून येत होती. माप बरोबर दिसत होतं, स्पूल मात्र प्रत्यक्षात बारीक झाले होते. गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला. जास्त राहिलेला जॉब ग्राइंडिंगला देता येतो, कमी झालेला कुणी वाढवून देत नाही. मी गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलं, पाऊस फार आहे आमच्याकडे. पलीकडून आवाज आला, आमच्याकडेही आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो गंजलेल्या हत्यारांचं करायचं काय. तिसऱ्या रेल्वे गेटाकडून भंगारवाला येतो. मायक्रोमीटर, दोनशे स्पूल, अंगठा उमटलेला तुकडा, सगळं एकाच काट्यावर घालतो आणि गंज धरलाय म्हणून किलोमागे भाव कमी करतो. भाव करू नका, द्या. तो माल कुठल्यातरी फाउंड्रीच्या भट्टीत वितळेल, साच्यात ओतला जाईल आणि पंपाचं कास्टिंग होऊन एक दिवस मशीनिंगला तुमच्याच शेडमध्ये येईल. गरम गरम, आपल्याच घरचं. त्याचं भोक मोजायला तुम्ही पेटी उघडाल, रिकामी असेल. मग शेजारी जा. मामा सहाच्या शिटीनंतर फडकं घेऊन बसलेलेच असतील.

मागून बघा. देणार नाहीत.