एसएसडी परत करण्याआधी केबल बघा

एक सल्ला सगळीकडे फिरतोय: जुन्या लॅपटॉपला आजची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान ड्राइव्ह) चालत नाही, दिसली नाही किंवा मध्येच अडकली तर माल डुप्लिकेट, सरळ परत करा. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे.

‘साटा-२ पोर्टवर साटा-३ चालत नाही.’ साटा म्हणजे ड्राइव्ह जोडायची पद्धत, २ जुनी, ३ नवी. चालते. वेग सेकंदाला साधारण २७० एमबीवर अडतो, इतकंच. खरी अडचण जाडीची: ९.५ मिमीच्या जागेत ७ मिमीची एसएसडी हलते आणि कनेक्टर ढिला होतो. २.५ मिमीचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारी चौकट, लावा.

‘दिसत नाही म्हणजे गेली.’ आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, पाहा. तिथे दिसते पण विंडोजमध्ये नाही, तर डिस्क कोरी आहे. डिस्क मॅनेजमेंटमधून इनिशियलाइज करा. तिथे डिस्कच्या मांडणीचे दोन प्रकार विचारतात, एमबीआर आणि जीपीटी. लॅपटॉपला फक्त लेगसी (जुन्या पद्धतीचा) बायोस असेल आणि त्याच डिस्कवरून विंडोज चालवायचं असेल तर एमबीआर निवडा, जीपीटीवरून बूट होणार नाही.

‘एएचसीआय केल्यावर निळा स्क्रीन येतो.’ एएचसीआय म्हणजे साटा ड्राइव्ह चालवायची बायोसमधली एक सेटिंग. निळा स्क्रीन येतो, पण तो ड्रायव्हरमुळे. विंडोज १० मध्ये आधी सिस्टम कॉन्फिगरेशनमधून सेफ बूट लावा, मग बायोसमध्ये एएचसीआय निवडा. सेफ मोड एकदा सुरू झाला की सेफ बूटची टिक काढा.

‘इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं म्हणजे डुप्लिकेट.’ या एका समजुतीपायी कितीतरी चांगल्या एसएसडी परत जातात. १३ इंची मॅकबुक प्रो, मिड २०१२ घ्या. त्यातली ड्राइव्हची फ्लेक्स (चपटी, लवचिक) केबल ॲल्युमिनियमच्या बॉडीला चिकटून जाते. घासून, दुमडून आतल्या तारा कमकुवत होतात. जुन्या हार्ड डिस्कवर ते निभावतं, साटा-३च्या ६ गिगाबिट वेगाला सिग्नल तुटतो. एसएसडी काढून साटा-यूएसबी अडॅप्टरने त्याच मॅकला जोडा आणि ऑप्शन की दाबून बूट करा. बाहेरून ठणठणीत चालली तर दोष केबलचा. आत असताना स्मार्टमधला (ड्राइव्ह स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतला) १९९ क्रमांक, म्हणजे सीआरसी एरर, डेटा नेताना झालेल्या चुकांचा आकडा, टिपून ठेवा. मोठी फाइल कॉपी केल्यावर आकडा वाढला तर शंकाच नको. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून फरक बघायचा.

नवी केबल ८२१-२०४९-ए या क्रमांकाची घ्या. तळाचे १० स्क्रू फिलिप्स ००ने निघतात. त्यातले ३ लांब, त्यांच्या जागा लक्षात ठेवा. बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवा. ड्राइव्हच्या बाजूच्या खुंट्यांना टॉर्क्स टी६ लागतो. केबलखाली कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी पातळ टेप) लावा आणि वळणावर करकचून घडी घालू नका.

यूएसबीवरही अडकली, किंवा पूर्ण क्षमता भरून लिहिलेलं परत वाचताना चुका आल्या, तर मात्र बिल शोधा.