आजारी मुलांच्या शिबिरावरचा खर्च

कनेटिकट राज्यातील अ‍ॅशफर्ड येथे गंभीर आजारी मुलांसाठी ‘होल इन द वॉल गँग कॅम्प’ हे शिबिर भरते. अभिनेते पॉल न्यूमन यांनी ते १९८८ मध्ये सुरू केले आणि तिथे मुलांकडून एक पैसाही घेतला जात नाही. फेब्रुवारी २०२१ मधील आगीत हस्तकला, सुतारकाम आणि स्वयंपाकाची दालने जळाली. देणग्यांतून ती पुन्हा उभी राहिली. मी याच राज्यात राहते. हा विषय निघाला की पुण्यातील आप्त विचारतात, तेवढ्या पैशांत किती मुलांचे उपचार झाले असते?

प्रश्न रास्त आहे. मुंबईत टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना सुतारकामाचे दालन ही चैन वाटणारच. इथेही सगळे आलबेल नाही. मुलाच्या उपचारांच्या बिलांसाठी लोकांपुढे हात पसरणारे पालक या श्रीमंत देशात आहेत. तरीही उपचार आधी आणि आनंद नंतर, ही विभागणी मला मान्य नाही, कारण अशा शिबिराची वास्तू उभारताना या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला गार पाण्याने असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून त्याच्यासाठी पोहण्याच्या तलावाचे पाणी कोमट ठेवावे लागते. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलासाठी ओल आणि बुरशी धरणारी भिंत धोक्याची असते. अ‍ॅशफर्डच्या दवाखान्याला तर ‘ओके कोरल’ असे काउबॉयच्या गोष्टीत शोभणारे नाव आहे. औषध घ्यायला जाणाऱ्या मुलाला आपण पुन्हा रुग्णालयात आलो असे वाटू नये, ही काळजी मला उपचारांइतकीच मोलाची वाटते.

त्याच २०२१ साली आपल्याकडे वाद झाला तो साध्या निवाऱ्यावरून. टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी करी रोड भागातील म्हाडाच्या १०० सदनिका देण्याचा निर्णय स्थानिकांच्या विरोधामुळे स्थगित झाला आणि बॉम्बे डाइंगच्या जागेतील घरे देण्याचे ठरले. मार्ग निघाला, हे बरे झाले. पण शेजारी कर्करुग्ण नकोत, असे मुंबईत कोणाला वाटावे याचे मला फार वाईट वाटले. याच शहरात कॉटन ग्रीनला पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारती दुरुस्त करून ‘सेंट ज्यूड’ संस्थेने कर्करुग्ण मुलांना पालकांसह मोफत राहण्याची सोय केली आहे. राहायला जागा नाही म्हणून उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतण्याची वेळ अशा सोयीमुळेच टळते.

म्हणून अ‍ॅशफर्डसारखे जंगलातले गाव वसवण्याचा आग्रह मी धरणार नाही. गडचिरोली आणि नंदुरबारमध्ये सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि तिथल्या आश्रमशाळा सुट्टीत रिकाम्या असतात. त्यांपैकी एखादीच्या छताची गळती थांबवावी, पिण्याच्या आणि कोमट पाण्याची सोय करावी, एका खोलीत डॉक्टर आणि परिचारिका राहतील अशी व्यवस्था करावी आणि आठवडाभराचे शिबिर भरवून पाहावे. मात्र ते मे महिन्यात नको, कारण उन्हाने शरीरातले पाणी कमी झाले तरी हा आजार उसळतो; दिवाळीची सुट्टी त्यासाठी अधिक योग्य ठरेल.