‘चांगली संधी हातची घालवली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

आपण लिहिलंय की स्थानकाजवळचा दुकानगाळा आम्ही, म्हणजे आपल्या सल्लागारांनी, सतत शंका काढून हातचा घालवला, कर्ज किमतीच्या ७५ ऐवजी ६० टक्केच मंजूर करून आणलं आणि तेवढ्यात इमारतीतले सगळे गाळे विकले गेले. आपली नाराजी समजू शकतो. पण ‘शहर वाढतंय’ एवढ्याच भरवशावर आणखी कुणी सही करू नये असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. आपले खरे आकडे इथे उघड करणार नाही. गाळ्याची किंमत १०० धरू.

विक्रेता ८ टक्के परतावा सांगतो, म्हणजे वर्षाचं भाडं ८. वर्षातून एक महिना गाळा रिकामा राहिला तर ७.३. देखभाल, मालमत्ता कर, विमा यांत १ जातो असं धरलं की हाती ६.३. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसह खरेदी १०७ च्या घरात गेली, तर परतावा ६ टक्क्यांच्याही खाली. आता ६० चं कर्ज, ९ टक्के व्याज, १५ वर्षं मुदत: वर्षाचे हप्ते ७.३. मिळतात ६.३, भरायचे ७.३! कर्ज देणारे साधारणपणे निव्वळ भाडं हप्त्याच्या सव्वापट तरी असावं असं बघतात. त्या हिशेबाने असा गाळा स्वतःच्या बळावर ४२ च्या आसपासच कर्ज पेलतो. त्याहून जास्त मिळतं ते घेणाऱ्याच्या इतर कमाईकडे बघून, आणि ७५ ची तयारी दाखवणारे बहुतेकदा दुसरी मालमत्ताही तारण मागतात.

विक्रेत्याची दोन वर्षांच्या भाड्याची हमी होती, हे खरं. पण अशा हमीचे पैसे बऱ्याचदा किमतीतच चढवलेले असतात. मूल्यांकन करणारा हमी बघत नाही, शेजारच्या गाळ्यांना आज काय भाडं मिळतं ते बघतो.

आता शहराबद्दल. लोकसंख्या वाढतेय, यात वादच नाही. पण नोकरीसाठी रोज बाहेर जाणाऱ्यांचं शहर दिवसभर अर्धं रिकामं असतं. दुपारचा खर्च लोक कामाच्या ठिकाणी करून येतात. इथल्या दुकानदाराच्या वाट्याला येते ती संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस. म्हणून स्थानकाची कुठली बाजू, हा प्रश्न आम्ही पुन्हा पुन्हा विचारत होतो. सकाळी गाडी पकडायच्या घाईत माणूस थांबत नाही. परतताना ज्या रस्त्याने घराकडे वळतो, तिथेच खरेदी करतो. त्यातून नव्या वसाहतीत जवळपास प्रत्येक इमारतीखाली गाळे निघतात, गिऱ्हाईक मात्र तेवढ्या वेगाने वाढत नाही. औषधांचं दुकान, दवाखाना, पाळणाघर, शिकवणी असे भाडेकरू अशा शहरात टिकतात, कारण ही गरज घराजवळच भागवावी लागते. असा भाडेकरू आधीच बसलेला असेल, करारात त्याला काही वर्षं सोडून जाता येत नसेल, तर थोडं कमी भाडंही आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

गाळे विकले गेले, बरोबर. पण विकले जाणं वेगळं आणि भाड्याने लागणं वेगळं. संध्याकाळी त्या रांगेसमोरून एक फेरी मारा आणि किती शटर उघडी आहेत ते स्वतः बघा, एवढीच विनंती.

वेळ लागला तो मालकीहक्काची कागदपत्रं आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) तपासण्यात. ते टाळून घाई करणं आम्हाला मान्य नाही. आमचं शुल्क सौदा झाला काय नि मोडला काय, तेवढंच असतं. विक्रेत्याकडून आम्ही काहीही घेत नाही. त्यामुळे आपल्याला ‘घ्या’ म्हणण्यात किंवा ‘थांबा’ म्हणण्यात आमचा फायदा-तोटा नव्हता.

आपली फाईल, मूल्यांकन अहवालासकट, आपलीच आहे. कार्यालयातून घेऊन जा आणि हवं तर दुसऱ्या सल्लागाराकडून हिशेब तपासून घ्या. दुसरा गाळा बघत असाल, तर भाडेकराराची प्रत सोबत आणा; ती आधी वाचू, कर्जाचं नंतर बोलू.