फाटक उघडल्यावर

परवा आमच्या ग्वाल्हेरच्या घरच्या व्हॉट्सॅप गटावर रेल्वे फाटकावरून जुंपली. दादाचं म्हणणं, पूल बांधला की प्रश्न मिटला. मामांचं म्हणणं, पूल बांधा नाहीतर बोगदा खणा, आपल्या लोकांना शिस्तच नाही. शेवटी मामांनी लिहिलं, "मेलबर्नला बघा लोक कसे उभे राहतात, विचारा त्याला." विचारलंच आहे तर सांगतो.

मामा, मी राहतो त्या मेलबर्नमध्ये लोकांच्या शिस्तीवर इथलं सरकारच विसंबून नाही. 2015 पासून इथे फाटकं काढण्याचं काम चालू आहे आणि 2030 पर्यंत 110 फाटकं काढायची आहेत. कुठे रूळ उचलून खांबांवर नेले, कुठे खणून खाली घातले. त्यावर अमाप पैसा ओतला जातो, कारण शिस्तीचा माणूसही एखाद्या संध्याकाळी चुकतो.

मी चुकलो होतो. इथे आल्याच्या पहिल्याच वर्षी पुढच्या मोटारीमागे डोळे मिटून गेल्यासारखा रुळांवर गेलो. पुढचा सिग्नल लाल झाला, रांग थांबली आणि मी बरोबर रुळांवर. घंटा वाजायला लागल्या, मागे दांडा खाली आला. पुढच्याने मोटार हातभर पुढे घेतली म्हणून सुटलो. शेजारी बसलेली बायको घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी लायसन्ससाठी ज्याच्याकडे शिकत होतो त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "अडकलास तर दांडा मोडून बाहेर पड, पण मुळात पलीकडे तुझी अख्खी गाडी मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रुळांवर चढूच नकोस." हे ग्वाल्हेरात मला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी कोण? ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या पिढीला रुळांची भीती कधी वाटलीच नाही, आणि त्याला कारण छोटी लाइन, म्हणजे तिथली अरुंद रुळांची आगगाडी. माधवराव शिंदे महाराजांच्या काळातले ते दोन फुटी रूळ. (आगगाडीचं वेड असं की त्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरही चांदीची आगगाडी फिरायची.) ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे 200 किलोमीटर, आणि गाडीला त्यात जवळजवळ अख्खा दिवस लागायचा. घोसीपुरा, मोतीझील करत ती घरांना खेटून निघायची, टपावर माणसं बसलेली. आम्ही सायकली दामटत तिच्या पुढून निघायचो. ड्रायव्हर शिट्टी वाजवायचा, वर दोन शिव्या हासडायचा, पण वेग असा की त्याला थांबता यायचं. 2020 मध्ये ती बंद पडली आणि आता त्या मार्गावर जौऱ्याकडे रुंद रुळांची ब्रॉडगेज झाली. रूळ बदलले, आमची नजर मात्र छोट्या लाइनचीच राहिली. शंभराच्या वेगातल्या मोठ्या गाडीला थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. शिवाय एवढं मोठं धूड समोरून येताना असतं त्यापेक्षा सावकाश येतंय असं वाटतं, हा डोळ्यांचा दगा वेगळाच.

कायद्यात सगळं आहे. मोटार वाहन कायद्याचं 131वं कलम सांगतं की गेटमन नसलेल्या फाटकाशी गाडी थांबवायची, कंडक्टरने किंवा क्लीनरने चालत पुढे जाऊन बघायचं, आणि तसं कोणी नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. हे पाळणारे मी फक्त बाबाच पाहिले. स्कूटर बंद करून ते उतरायचे, दोन्हीकडे मान वळवून बघायचे, मागे बसलेल्या आम्हाला लाज वाटायची. 2019 च्या जानेवारीअखेर ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली सगळी फाटकं संपवली गेली, म्हणजे बाबांची कवायत आता जवळजवळ इतिहासजमा.

म्हणून मला बंद फाटकाची चिंता कमी वाटते. घोटाळा होतो तो फाटक उघडल्यावर. दांडा खाली असतो तेव्हा आपण अलीकडचा सगळा रस्ता भरतो, उजवी बाजूसुद्धा. पलीकडचेही तेच करतात. दांडा वर जातो आणि दोन फौजा रुळांच्या मधोमध भिडतात. ट्रॅक्टर अडतो, टेंपो तिरका घुसतो, स्कूटी त्यांच्या फटीत. जिथे फाटक सिग्नलला जोडलेलं असतं तिथे ते नीट बंद होऊन कुलूप लागेपर्यंत गाडीला सिग्नल मिळत नाही. म्हणजे आपण मध्ये अडकलो तर मागे हजारभर माणसांची गाडी उभी, आणि दांड्याखालून वाकून जाणारा तो एकटा शूर वीर गेटमनच्या शिव्या खातो ते उगाच नाही.

इथे रुळांवर पिवळ्या जाळीचे पट्टे रंगवलेले असतात, त्यावर थांबायचं नाही. थांबलात तर दंड. बाकी मुंबईचा, लुधियान्याचा, ग्वाल्हेरचा, सगळे इथे आल्यावर पट्ट्याअलीकडे थांबतात. मामा, हे तेच आपले लोक.

ट्रामचंही तसंच. पहिल्यांदा रस्त्याच्या मधून ट्राम जाताना पाहिली तेव्हा छोटी लाइनच भेटल्यासारखं वाटून डोळे भरले होते. पण ट्राम चुकवायला वळत नाही. इथल्या ट्राम कंपनीने एकदा जाहिरातच केली होती की एक ट्राम म्हणजे तीस गेंड्यांचं वजन. आणि ट्राम थांबून दारं उघडली, उतारूंसाठी वेगळा फलाट नसला, की मागच्या सगळ्या मोटारी तिच्या शेपटीशी थांबतात, कारण उतरणारा थेट रस्त्यावर पाय टाकतो. ग्वाल्हेरात कंपू भागाच्या टेंपोतून उतरणाऱ्या म्हातारीच्या डाव्या कुशीतून मी किती वेळा बाइक घातली असेल, आठवून आता कान गरम होतात.

दादाचं पुलाचं म्हणणं खोटं नाही. रेल्वे सुरक्षेवरच्या अनिल काकोडकर समितीनेही 2012 मध्ये सगळी फाटकं पाच वर्षांत काढा असंच सांगितलं होतं. पण पाच वर्षं कधीच उलटून गेली, आणि पुलाऐवजी जिथे अंडरपास मिळतो तिथे पावसाळ्यात त्याचा तलाव होतो, हेही दादालाच जास्त ठाऊक. पूल होईपर्यंत कोचिंगला कुणीतरी रोज त्याच फाटकातून जाणारच.

आमच्या घरचा तो कुणीतरी म्हणजे माझा पुतण्या. गटावर भांडण चालू असताना मी त्याला वेगळा फोन केला. म्हटलं, डावीकडेच उभा राहा, आणि पलीकडे जागा दिसेपर्यंत चाक रुळांवर घालू नको. म्हणाला, "काका, मागचे हॉर्न वाजवून जीव खातात." मी म्हटलं, हेल्मेट घाल, कमी ऐकू येईल.